सकाळचा पहिला ब्रेक

गौतम, परवा तुला माफ करण्यात आलं. विहारात, माइकवरून, सत्तर-ऐंशी माणसांसमोर. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, पुण्यानुमोदनाचा विधी झाला होता आणि दोन शब्द बोलण्यासाठी नावं पुकारत होते. दुसरंच नाव रमेशशेठचं. पांढरा सफारी घालून आला होता. "गौतमच्या हातून एकदा मोठी चूक झाली," तो म्हणाला, "पण मी ती केव्हाच पोटात घातली. माणूस सोन्यासारखा होता." लोकांनी माना हलवल्या. तुझ्या मामांनी डोळे पुसले. मी चौथ्या रांगेत होतो. उठावं, त्याच्या हातातला माइक काढून घ्यावा, असं वाटत होतं. आणि मी काय केलं, तर चप्पल शोधत बाहेर आलो.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कुणावर ओरडू कळत नाही, म्हणून आधी तुझ्यावरच ओरडतो. तू ऐकून घेशील, ती तुझी खोडच होती. कावीळ अंगावर काढलीस. मी म्हटलं, तुझे डोळे पिवळे दिसतात, तर म्हणालास, "शेडमधला बल्बच पिवळाय रे वसंता." तीन आठवड्यांत संपलास. दुसऱ्याच्या गाडीचा एवढासा आवाज ऐकून चाक उघडायला बसणारा माणूस स्वतःच्या बाबतीत इतका बेफिकीर कसा राहतो? मला राग येतो. रडू येतं तेही रागानंच येतं.

आणीबाणीच्या वर्षी आपण सातपूरला आयटीआयमध्ये एका बाकावर आलो. मी निफाडकडचा, शेतात मन न रमलेला. तू शाळेतल्या शिपायाचा मुलगा. तुझ्या डब्यातली बोंबलाची चटणी मी खायचो आणि माझ्या डब्यातली बाजरीची भाकरी तू. पुढे अंबडला पत्र्याची शेड टाकली. तिच्यावर पाटी लागली माझ्या नावाची, कारण जागा माझ्या मामाची होती. "पाटीचं काय घेऊन बसलास, काम तर दोघांचं ना," असं तूच म्हणालास. मीही लगेच हो म्हटलं. आता वाटतं, फारच लगेच म्हटलं.

इंजिन माझं, ब्रेक तुझे, अशी वाटणी आपोआप झाली. आणि ब्रेकच्या बाबतीत तू हेकट होतास, हे आजही तोंडावर सांगतो. गिऱ्हाईक आलं की दुसरा मेकॅनिक विचारतो, गाडी किती पळवता, किती किलोमीटर झाले. तू विचारायचास, "सकाळी घरातून निघाल्यावर पहिला ब्रेक कुठं लावता?" लोक बावचळायचे. ते बँकेतले साहेब आठवतात? त्यांनी डोकं खाजवून सांगितलं, "अहो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हैस बसलेली असते, तिच्यापाशी." झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी तू सायकल मारत त्यांच्या गल्लीत हजर. उतार किती, म्हैस कुठं, सगळं पाहून आलास आणि मग त्यांच्या गाडीच्या ब्रेकना लायनर निवडलेस. मी वैतागायचो. अर्धा दिवस एका म्हशीपायी! तू म्हणायचास, गरम ब्रेक सगळेच लागतात, माणसाची परीक्षा थंड ब्रेकला असते. गाडी रात्रभर उभी राहिलेली, लोखंड गार, ड्रायव्हर अर्धा झोपेत, तेव्हा जो ब्रेक लागतो तो खरा.

तुझ्या या वेडामुळेच रमेशशेठ आपल्याकडे आला. द्राक्षांच्या धंद्यात वर आलेलं घर, गंगापूर रोडला नवा बंगला, आणि गाड्यांचा षोक. त्याची ती क्रीम रंगाची फियाट. बाहेरून कुणाच्याही मास्तरांची वाटावी अशी आणि आत मी दोन कार्ब्युरेटर बसवलेले, सायलेन्सर बदललेला, इंजिनाचं डोकं घासून आणलेलं. ती गाडी सुटली की त्र्यंबक रोडवरचे ट्रकवाले मागे वळून बघायचे. पण पळते तेवढी थांबायला नको का? म्हणून तू कुर्ल्याच्या भंगारात चार दिवस हिंडून एका मोडक्या विलायती गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक उचलून आणलेस. चाकामागे लोखंडी चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड. नाशकात तेव्हा डिस्क ब्रेक पाहिलेले मेकॅनिक बोटावर मोजण्याइतके होते. तू ते फियाटला जुळवलेस. तीन आठवडे कानस आणि तू, एवढंच चाललं होतं. सांगायचं राहून गेलं, पण त्या दिवसांत मी तुझ्याकडे बघत उभा राहायचो आणि मला आपल्या शेडचा अभिमान वाटायचा.

पुढे वर्षभरात पॅड झिजले. कसारा घाटात मित्रांबरोबर शर्यत लावून उतरताना ब्रेक तापले, जळका वास सुटला आणि पेडल खाली जायला लागलं, म्हणून शेठ घाबरला. घाबरला म्हणजे मुंबईला जाऊन शर्यतीच्या गाड्यांचे पॅड घेऊन आला. निळ्या खोक्यात, चार. तू एक पॅड हातात घेतलास, करवतीच्या पात्याने त्याच्यावर एक ओरखडा काढलास, भुकटी बोटावर चोळलीस, वास घेतलास आणि खोकं बंद करून परत त्याच्या हातात दिलंस.

"हे नाही बसवायचे, शेठ."

"का? शर्यतीत हेच वापरतात."

"शर्यतीत वापरतात म्हणूनच. हे कडक आहेत. तापल्याशिवाय धरत नाहीत. शर्यतवाला आधी चार चकरा मारून ब्रेक तापवून घेतो. तुम्ही बंगल्यातून निघताना कुठं तापवणार?"

"अरे, पण घाटात..."

"घाटात महिन्यातून एकदा जाता. फाटकातून रोज निघता. तुमचा पहिला ब्रेक फाटकाबाहेरच्या उताराच्या खाली, वळणावर. मी पाहून आलोय. जानेवारीत तिथं दात वाजतात."

मग तू तुझा तोडगा सांगितलास. मधल्या जातीचे पॅड. एका जड विलायती मोटारीचे मिळतात, ते घासून मापाला आणीन, थंडीतही धरतील, घाटातही एकदम दगा देणार नाहीत. फक्त घाटात मस्ती थोडी कमी करा. शेठचा चेहरा पडला. मस्ती कमी करायला कुणी सांगितलेलं त्याला चालत नव्हतं, आणि तू सांगितलेलं तर नव्हतंच. मी ते त्याच्या तोंडावर पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

मग तू बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी चार दिवस मनमाडला गेलास. दुसऱ्याच दिवशी शेठ तेच निळं खोकं घेऊन आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वसंतराव, गॅरेज तुमचं की त्याचं?"

गौतम, एवढ्याशा वाक्यावर मी विकला गेलो. मीच पॅड बसवले. तूच शिकवलं होतंस तसे नीट बसवले. त्र्यंबक रोडला जाऊन सातआठदा जोरात दाबून चकतीवर बसवून घेतले. शेवटी तर गाडी अशी जागच्या जागी उभी राहिली की शेठ खुशीत शिट्टी वाजवायला लागला. मलाही वाटलं, बघा, उगाच बाऊ करत होता गौतम. ब्रेक तेव्हा तापलेले होते हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण त्या क्षणाला मी तुझ्यापेक्षा शहाणा ठरलो होतो, आणि ते मला सोडवत नव्हतं.

तू परत आल्यावर आपलं कडाक्याचं भांडण झालं. तू म्हणालास, आत्ता जाऊन काढ. मी म्हणालो, गिऱ्हाइकाला आवडलंय, तू कोण? "तू कोण" असं मी म्हणालो. त्यावर तू पाना ठेवलास आणि दिवसभर बोलला नाहीस. मला वाटलं, उद्या बोलेल.

उद्या नाही, पण नवव्या दिवशी, एरवी उन्हं वर आल्यावर निघणारा शेठ सकाळी साडेसहाला धुक्यातून बंगल्याबाहेर पडला. उताराच्या खाली वळणावर त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. समोर पुंडलिक दूधवाला होता. गोवर्धन गावाकडून सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून यायचा. उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली. रस्ताभर दूध झालं होतं.

आपल्याला बोलावणं आलं. आपण गेलो तेव्हा कॉलनीतली दहाबारा माणसं जमली होती. तू चाक काढलंस, पॅड धरणारा कॅलिपर उघडलास, पॅड बाहेर काढून हातात धरलेस. कुणीतरी विचारलं, "ब्रेकचं काम कुणी केलं होतं?" रमेशशेठ फाटकाशी उभा होता. त्याला माहीत होतं. मी तुझ्या शेजारी उभा होतो. मला तर माहीतच होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पडलेला जॅक उचलला आणि त्याचा दांडा पुसायला लागलो. तेवढ्यात तू म्हणालास, "आमच्याकडे ब्रेकचं काम मी बघतो."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच मला आजही त्याचा राग येतो! खोटं बोलला असतास तर मी तुला खोडून तरी काढलं असतं. काढलं असतं का? सोड. रमेशशेठचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. गर्दीतला एक जण म्हणाला, "असली गाडी त्यांच्या हातात द्यायलाच नको होती." 'त्यांच्या' म्हणताना तो एकट्या तुझ्याकडे बघत होता. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. पाटी माझ्या नावाची, पॅड मी बसवलेले, आणि मी तिथं असूनही नसल्यासारखा. तू कुणाच्या घरातला हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पुढची चौकशी करायची कुणाला गरजच वाटली नाही. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं. कळून मी गप्प राहिलो. भित्रेपणा एकवेळ समजू शकतो मी, पण मला तेव्हा बरं वाटलं होतं, गौतम. सुटलो असं वाटलं होतं.

त्यानंतर लोक शेडमध्ये येऊन मला हळूच सांगायला लागले, "बाकी काहीही द्या, ब्रेक तेवढे गौतमला देऊ नका." तुला! म्हशीपायी अर्धा दिवस घालवणाऱ्या माणसाला. तू क्लच करायला लागलास, ग्रीसिंग करायला लागलास. नवीन मारुती गाड्या यायला लागल्या, त्यांना पुढे डिस्क ब्रेकच, सगळ्या नाशकाला शिकवायला तू हवा होतास, आणि तू त्यांच्या काचा बदलत होतास. चार वर्षं मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि रमेशशेठ! परवा तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. तेच भयंकर आहे. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःला ही गोष्ट इतकी वेळा सांगितली की त्याला ती खरीच वाटायला लागलीय. खोकं त्यानं आणलं, तू परत केलंस, हे त्याच्या डोक्यातून पुसून गेलंय. उरलंय ते एवढंच, की गौतमनं चूक केली आणि आपण ती मोठ्या मनानं पोटात घातली. कसलं मोठं मन! आपलंच पाप दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं आणि वर त्याला माफ करून टाळ्या घ्यायच्या. मी त्याला शिव्या घालतो आणि घालता घालता थांबतो. त्याला विसरायला मदत कुणी केली?

मी एकदाच बोलायचा प्रयत्न केला होता. इंदिरानगरला तुझं घर झालं तेव्हा, स्कूटरवर तू पुढे, मी मागे. म्हटलं, "गौतम, त्या पॅडचं मी..." तू मान न वळवता म्हणालास, "सोड ना. हिचा मागचा ब्रेक किरकिरतोय दोन दिवस, ऐकू येतंय का?" मला फक्त वारा ऐकू येत होता. तू का बोलू दिलं नाहीस? मला वाचवायला, की तुला माझी माफी नकोच होती? या प्रश्नावर आपलं एक भांडण बाकी आहे आणि तू पळून गेलास.

काल सकाळी मी तुझ्या घरी गेलो. सुशीलावहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, निळं खोकं, मनमाडचं लग्न, जॅकचा दांडा. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "मला माहितीये, भाऊजी. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं." मग मान वर करून म्हणाल्या, "मला कशाला सांगता? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. आमच्या पोरांना शाळेत विचारतात, तुझ्या बापानंच ब्रेक फेल केले ना?" त्यांचा आवाज वाढला नव्हता. वाढला असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून आज सकाळी गोवर्धनला गेलो. पुंडलिकचं घर विचारत विचारत सापडलं. तो आता सायकल चालवत नाही, लुना घेतलीय. थोडा लंगडतो. मी कोण ते सांगितलं तर त्यानं खाट पुढे ओढली.

"गौतमभाऊ गेले म्हनं. लय वाईट झालं," तो म्हणाला. "तुम्हाला सांगतो, त्या मानसानं माझा धंदा वाचवला."

मला कळेना. त्यानं सांगितलं. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा तू रोज पहाटे अंबडहून त्याच्याकडे जायचास, त्याच्या किटल्या सायकलला लावायचास आणि गंगापूर रोडची त्याची सगळी घरं वाटून मग गॅरेजवर यायचास. अडीच महिने. "नायतर माझी गिऱ्हाइकं दुसऱ्यानं धरली असती," तो म्हणाला. "शेठच्या बंगल्यावर बी तेच द्यायचे दूध. मागच्या दारानं."

त्या अडीच महिन्यांत तू रोज तासभर उशिरा यायचास. मला वाटायचं, रुसून मुद्दाम येतोस. एकदा चारचौघांत मी तुला म्हणालो होतो, झोप झाली का राजे? तू हसून हात धुवायला गेलास.

"एका घरी त्यांना आडनाव विचारलं," पुंडलिक सांगत होता. "दुसऱ्या दिसापासून त्या बाईनं पातेलं पायरीवर ठिवलं. वरून वतायचं, शिवायचं नाय. मी म्हनलं, ते घर सोडून द्या भाऊ. तर म्हनले, तुमचं गिऱ्हाईक हाय, मी कसं सोडू."

मी खाटेवरून उठलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणालो, "पुंडलिकभाऊ, ते ब्रेक गौतमनं बसवले नव्हते. त्यानं नको म्हटलं होतं. मी बसवले."

तो चिडला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं, "मंग तवा तुम्ही का नाय आले?"

चार वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं रचून ठेवली होती. गॅरेजचं नाव, मामाची जागा, शेठची ओळख. ती सगळी बाजूला ठेवली. मी म्हणालो, "भ्यालो."

"ते बी भ्यालेलेच व्हते," पुंडलिक म्हणाला. "पैल्या दिशी आले तर दारात नुसते हुभे. हात असे कापत व्हते, किटली वाजत व्हती. मला वाटलं हा मानूस उद्या काय येत नाय. पन आले."

गौतम, मी तुला निडर समजत होतो. त्या समजुतीत माझी फार सोय होती. तुला जमतं, मला जमत नाही, असं म्हणून मी चार वर्षं काढली. तूही घाबरत होतास हे मला आज एका परक्या माणसानं सांगितलं.

येत्या रविवारी वंदनेनंतर मला बोलायचंय, असं मी विहारात सांगून आलोय. रमेशशेठलाही निरोप दिलाय, त्यानं यावं म्हणून. सगळं नावासकट सांगणार आहे, आधी माझं नाव, मग त्याचं. आत्ता नुसतं लिहितानाही माझा हात कापतोय. रविवारी हातातला माइक तर वाजेलच. वाजू दे.